उसाच्या तळावरचा डबा : अडीच वर्षांच्या एका मुलीसाठी केलेली खेळपेटी

साखर कारखान्याच्या पाठीमागे, ओढ्याच्या अलीकडे, दरवर्षी नोव्हेंबरात ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. यंदा सोळा होत्या. माणसं बहुतेक बीड जिल्ह्यातली, बैलगाडीवाली. हा तळ माझ्या अंगणवाडीच्या हद्दीत येतो, म्हणून तिथली सहा वर्षांखालची मुलं हंगामापुरती माझी. त्यांची नोंद करायची, वजन-उंची घ्यायची, आहार पोचवायचा आणि जमेल तेवढं खेळवायचं. यंदा अशी अकरा मुलं होती. त्यातल्या एकीसाठी मी जी पेटी केली तिची ही हकिगत आहे. मुलीचं नाव लिहीत नाही. तिची बहीण तिला ‘बारकी’ म्हणायची, तेच मीही म्हणते.

बारकी अडीच वर्षांची. थोरली नऊ वर्षांची. आईबाप पहाटे तीनच्या सुमाराला गाडी जुंपून फडावर, म्हणजे उसाच्या शेतात, जायचे, ते भरलेली गाडी कारखान्यात खाली करून रात्रीच परतायचे. तेवढा सगळा वेळ बारकी थोरलीच्या कडेवर. चालता येत होतं, पण खाली ठेवलं की ती थोरलीचा फ्रॉक धरून उभी राहायची आणि दोन मिनिटांत हात वर करायची. आपण होऊन कशाला हात लावायची नाही. मी चेंडू पुढे केला तर मूठ मिटून छातीशी धरायची. मला ऐकू आलेले तिचे शब्द दोनच, ‘आये’ आणि ‘नको’.

वजन कमी होतं, पण काळजीच्या रेषेच्या वर. ऐकू नीट येत होतं, कारण बैलांच्या घुंगरांचा आवाज लांबून आला तरी सगळ्यांच्या आधी तिची मान वळायची. अंगणवाडी तपासणीला आलेल्या डॉक्टरांनाही तिला दाखवलं. ते म्हणाले, दोष काही दिसत नाही, हिला खेळायला द्या, बोलत राहा. सल्ला बरोबर होता. पण तळावर आठवड्यातून दोन दिवस, तेही जास्तीत जास्त पाऊण तास जाणाऱ्या बाईने तो कसा अमलात आणायचा, हे मला ठरवायचं होतं.

तयार साहित्य नाही असं नाही. २० फेब्रुवारी २०२३ ला एनसीईआरटीचा ‘जादुई पिटारा’ हा खेळणी-पुस्तकांचा संच आला. कल्पना चांगली आहे, पण तो ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी. बारकी तिनाची झालेली नव्हती आणि दिसेल ते तोंडात घालणारी आणखी चार मुलं तिच्याहून लहान होती. शिवाय जे न्यायचं ते माझ्या स्कुटीच्या मागच्या सीटवर ट्यूबच्या पट्टीने बांधता आलं पाहिजे आणि ओढ्याकाठच्या चिखलात उतरवता आलं पाहिजे.

पहिला डबा

दोन्ही बाजूंना कड्या असलेला, उथळ, पारदर्शक प्लास्टिकचा डबा घेतला. ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद, १५ खोल. मनात वाळू होती. घरी चार बोटं नाही, जेमतेम चार सेंटिमीटर थर दिला आणि काट्यावर ठेवला, तर वाळूच साडेआठ किलो भरली. ती काढली आणि तांदूळ घ्यायचं ठरवलं. मोबाईलवर सगळीकडे तेच दिसतं, रंगवलेला तांदूळ, त्यात वाट्या आणि चमचे. निम्मा हळदीत, निम्मा बिटाच्या रसात घोळवला आणि गच्चीवर वाळवला. चार किलो. दिसायला फार सुंदर झाला होता. मी खूश होते.

तळावर चटई टाकून डबा उघडला. मुलं धावत आली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत खुपसून बसली. बारकी कडेवरच होती. त्या दिवशी तिच्या आईला ताप होता, म्हणून ती कोपीतच होती. बाहेर येऊन थोडा वेळ बघत राहिली. मग खाली बसून चटईवर सांडलेले दाणे वेचू लागली. एकेक दाणा. आणि मला हळूच विचारलं, “ताई, हे धुतल्यावर शिजवता येतं का ओ?”

मी म्हणाले, हळद-बिटाचाच रंग आहे, येईल की. ती म्हणाली, “मग असं कशाला करायचं? लेकरांचे पाय लागायलेत.” आवाजात राग अजिबात नव्हता. तिला खरोखर कळत नव्हतं आणि मला उत्तर देता येत नव्हतं.

घरी येऊन तो तांदूळ धुतला, वाळवला आणि कोंबड्यांना घातला. तेही मनाला लागलं. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडण्यासाठी घरदार सोडून सहा-सहा महिने ऊस तोडणाऱ्या माणसांच्या दारात मी चार किलो तांदूळ खेळायला घेऊन गेले होते, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. खेळात अन्न वापरावं की नाही यावर शहरात दोन मतं असतील. तळावर एकच आहे, आणि मला ते पटलेलं आहे.

काय कमी होतं

पुढचे आठ दिवस डबा नेलाच नाही. नुसतं बसून बघितलं. मुलांच्या हाताला काय काय लागतं ते लिहून काढलं : माती, राख, चुलीची लाकडं, बैलाची पाठ, वाढ्यांचा (उसाच्या शेंड्यांचा) ओला हिरवा पाला, पाचटाची (उसाच्या वाळल्या पानांची) धारदार कड, ताडपत्री, लोखंडासारखी थंड पहाट. स्पर्शाला, वासाला, आवाजाला तिथे तोटा नव्हता. उलट कारखान्याचा भोंगा, ट्रॅक्टर, मळीचा वास हे सगळं एकदम आणि सततच अंगावर येत होतं. त्यातली एकही गोष्ट बारकीला आपल्या हातात धरून, आपल्याला हवी तेवढीच घेऊन, नको झाली की बाजूला ठेवता येत नव्हती.

तेव्हा डब्याचं काम माझ्यापुरतं ठरलं. त्यात नवीन काही नसलं तरी चालेल. थोडं असावं, कडेच्या आत राहावं, आणि शेजारी एक माणूस बसून असावं.

बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि पुढे जवळच्या कोसबाडला काम नेलं. मुलं येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच आदिवासी पाड्यावरच्या अंगणात गेली. साहित्य म्हणून शंखशिंपले, बिया, पानं, खडे असं जे तिथे होतं ते घेतलं. अंगणवाडी हा शब्द मी रोज पाटीवर बघते, पण त्यातलं अंगण मुलांचं स्वतःचं होतं, आपलं नव्हे, हे मला त्या तांदळाने समजावलं.

दुसरा डबा

डबा तोच. आत आता सोळा वस्तू, आणि एका वेळी बाहेर काढायच्या फक्त तीन-चार.

वाळलेल्या घोसाळ्याची जाळी (थोरली त्याला गिलकं म्हणते). नारळाच्या दोन करवंट्या, काचेच्या तुकड्याने खरवडून गुळगुळीत केलेल्या. काथ्याची वेणी. गोणपाटाचा, खणाचा, जुन्या मऊ धोतराचा आणि घोंगडीचा असे चार वीतभर तुकडे, कडा दुमडून शिवलेले. स्टीलचं फुलपात्र आणि पळी. दोन घोटीव गोटे, एक मुठीपेक्षा मोठा आणि एक त्याहून मोठा. दोन किलो वाळू, पण ती सुट्टी नाही. जुन्या जीनच्या पायाची पिशवी करून दोन उलट्या शिवणी मारल्या. ती मांडीवर घ्यायची, ओढायची, उचलून दुसऱ्याला द्यायची. अंगावर थोडं वजन आलं की काही मुलं शांत बसतात, हे मी माझ्या केंद्रातही बघितलेलं आहे.

आणि तीन बाटल्या. पाव लिटरच्या जाड प्लास्टिकच्या, झाकण एम-सीलने पक्कं केलेल्या. एकीत चिंचोके, एकीत बारीक खडी, तिसरीत निम्मं पाणी आणि त्यावर खोबरेल तेल. ही तिसरी मी सहज केली होती, पाण्यावर तेल तरंगताना दिसेल एवढाच विचार. थंडीत खोबरेल थिजतं हे डोक्यातच नव्हतं. डिसेंबरात सकाळी नऊला डबा उघडला की बाटलीत पांढरी चकती असायची. उन्हात ठेवली की कडेने सुटायची, डुलायची, आणि अकरापर्यंत सगळं पातळ. या बाटलीची गोष्ट पुढे येते.

काय टाळलं ते सांगणं जास्त गरजेचं आहे, कारण असे डबे घरोघरी होतात आणि त्यात जे घालतात ते बघून मला भीती वाटते.

सुटे दाणे, बिया आणि मणी नाहीत. शेंगदाणा, हरभरा, चिंचोका लहान मुलाच्या श्वासनळीत गेला तर जीव जाऊ शकतो, आणि हरभऱ्यासारखा दाणा ओलाव्याने आत फुगतो. खेळण्यांच्या तपासणीत लहान भागांसाठी ३१.७ मिलिमीटर आतला व्यास असलेली नळी वापरतात. तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही. मी पुठ्ठ्याची चार सेंटिमीटर रुंद नळी करून प्रत्येक वस्तू त्यात टाकून बघितली. पळीचा दांडा सैल होता, तो यातच सापडला.

कच्चा राजमा नको, तो पोटात गेला तरी त्रास होतो. गुंजा नको. लाल-काळ्या, इतक्या देखण्या की कोणालाही खुळखुळ्यात भराव्याशा वाटतील, पण चावली गेलेली गुंज विषारी असते. एरंडाची बीही तशीच. तळावरच्या मोठ्या मुलांनी मला बांधावरच्या गुंजा ओंजळभर आणून दिल्या होत्या. त्या मी सगळ्यांसमोर खड्डा करून पुरल्या आणि का ते सांगितलं. पाण्यात फुगणारे जेलीचे रंगीत मणी बाजारात मिळतात, ते तर घरातच आणू नयेत. गिळले की आतड्यात फुगून वाट बंद करतात. बटणासारखी बॅटरी असलेलं कोणतंही खेळणं नको.

वासाच्या पुरचुंड्या करताना ओवा आणि सुंठीबरोबर कापूर घेतला होता. बांधायच्या आधी आमच्या नर्सताईंना विचारलं आणि बरं झालं. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. कापूर बाहेर गेला. पुरचुंड्याही पुढे बंद केल्या, कारण एका दीड वर्षाच्या मुलाने ओव्याची पुरचुंडी चोखून चोखून भिजवली आणि बाकीच्यांना त्यात रस नव्हता.

चटईवर

पहिल्या तीन वेळा बारकीने काहीही केलं नाही. मी तिच्याशी बोलले नाही, वस्तू पुढे केली नाही, ‘घे ना’ म्हटलं नाही. हे मला जड गेलं. आम्हाला मुलांना बोलतं करायची इतकी सवय असते की गप्प बसणं म्हणजे काम न करणं वाटतं.

चौथ्या वेळी थोरली तिला मांडीवर घेऊन बसली होती. मी निघायच्या वेळी डब्याचं झाकण लावलं, एक कडी टक् करून बसवली आणि दुसरी बसवणार तोच एक लहान बोट तिच्यावर आलं. बारकीचं. तिने कडी दाबली. बसली नाही. पुन्हा दाबली. मी झाकणावर थोडा भार दिला, तशी टक् वाजून बसली. मग तिने ती उघडली. आणि लावली. त्या दिवशी मी अर्धा तास उशिरा घरी गेले आणि डब्यातली एकही वस्तू बाहेर आली नाही.

इतका विचार करून भरलेल्या सोळा वस्तूंपेक्षा तिला झाकण आवडलं. का, ते मला कोपीत डोकावल्यावर कळलं असं वाटतं. त्या घरात झाकण असलेली एकच वस्तू होती, आईची पत्र्याची पेटी, आणि तिला कुलूप. बाकी सगळं उघड्यावर. दार म्हणजे लुगड्याचा पडदा.

त्यानंतर खेळ तिने ठरवला. झाकण उघडायचं, एक वस्तू आत ठेवायची, लावायचं, पुन्हा उघडून ती आहे ना ते बघायचं. आधी गोटा, मग घोंगडीचा तुकडा. मग तेलाची बाटली. बाटली थंड होती. तिने ती हातात धरली, गालाला लावली, दचकली, आणि पुन्हा लावली. थोरली म्हणाली, “बर्फ हाय त्यात.” उन्हात ठेवून आम्ही तिघी बसलो. चकती सुटून हलली तेव्हा बारकी बाटलीवरच वाकली. पुढच्या वेळी ती आपण होऊन कडेवरून उतरली, डब्यातून बाटली काढली आणि उन्हात नेऊन ठेवली. थोरलीपासून चार पावलं लांब, एकटी.

जानेवारीत तिचे शब्द ऐकू आले. ‘झाक’, ‘उघड’, ‘गार’. डब्यामुळे ती बोलायला लागली असं मी लिहिणार नाही. अडीच-पावणेतीनला मुलं बोलतातच, कदाचित ती घरात आधीपासून बोलतही असेल. माझ्यासमोर बोलली, एवढंच मला माहीत आहे.

थोरली

इथे माझी मोठी चूक झाली. थोरली हुशार होती, मी येताच चटई झटकायची, लहान मुलांना ओळीने बसवायची, कोणी तोंडात काही घातलं तर मला हाक मारायची. मी तिला मदतनीस धरून चालले. दोन महिने तिचं कौतुक करत होते. एका दिवशी बारकी बाटलीपाशी रमली होती आणि थोरली रिकामी होती. मी काही काम सांगणार इतक्यात बघितलं, तिने वाळूची पिशवी मांडीवर घेतली होती, डोळे मिटले होते आणि दोन्ही हातांनी ती पिशवी दाबत होती. माझी चाहूल लागताच लगबगीने ठेवून दिली आणि म्हणाली, “बारकीसाठी बघत होते, लै जड हाय का म्हणून.”

नऊ वर्षांची मुलगी. अंगणवाडीच्या वयाची नाही, म्हणून माझ्या नोंदीत नाही, आणि शाळा गावाकडे राहिलेली. दिवसभर दहा-अकरा किलोचं मूल तिच्या कमरेवर. या प्रकरणात खरं तर ज्या मुलीला खेळायला द्यायला हवं होतं ती माझ्या डोळ्यांसमोर दोन महिने चटई झटकत होती. त्यानंतर मी दर खेपेला पहिली वीस मिनिटं बारकीला माझ्या मांडीवर घेऊ लागले आणि थोरलीला सांगितलं, आता डबा तुझा. जवळच्या शाळेतल्या गुरुजींशीही बोलले. ती फेब्रुवारीत तीन आठवडे जाऊन बसली, बारकीला बरोबर घेऊन. ते टिकलं नाही. टोळी लांबच्या फडावर गेली आणि शाळा सुटली.

माती

मिलमध्ये बिघाड होऊन एक दिवस तोड बंद राहिली, तेव्हा आईबाप दोघंही तळावर होते. मी ओढ्याकाठची काळी माती चाळून, तव्यावर भाजून, पुन्हा भिजवून गोळा करून नेली होती. भाजायची कारण उघड्यावरच्या मातीतून जंत होतात. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाच्या गोळ्याही आम्ही याच तळावर दिल्या. बारकीने मातीला हात लावला नाही. ओलं, चिकट तिला नकोच असायचं. मी आग्रह केला नाही.

आई येऊन बसली. तीच, दाणे वेचणारी. तिने गोळ्यातला तुकडा तोडला, दोन तळहातांत फिरवला, चिमटीने चार पाय ओढले, वशिंड काढलं, शिंगांना काडी लावली. पोळ्याला करतात तसा बैल. मिनिटभरही लागला नसेल. मग दुसरा. मग बोटाएवढं जू. बारकी आईच्या पाठीवरून वाकून बघत होती. आईने तिचं एक बोट धरलं, ओल्या मातीवर टेकवलं आणि म्हणाली, “ह्येचा डोळा कर.” बारकीने डोळा केला. मग दुसऱ्या बैलाचा. मग ज्याला लागतच नव्हता तिथेही, पाठीवर, पायावर, जुवावर, सगळीकडे बोटाचे खळगे.

वडील लांब बिडी ओढत बसले होते. ते उठून आले आणि म्हणाले, “उजव्या बैलाचं शिंग असं न्हाई, आपला राजा आत वळलेला हाय.” आणि बसले, शिंग दुरुस्त करायला. त्या दुपारी मी काहीच केलं नाही. माझ्या तीन महिन्यांतला तो सगळ्यात चांगला दिवस होता.

पट्टा पडला तेव्हा

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. मोठा डबा केंद्राचा, तो देता येणार नव्हता आणि ट्रकमध्ये बैल, गाड्या आणि संसार चढल्यावर त्याला जागाही नव्हती. म्हणून लहान डबा करायचं ठरवलं. आकार आईने ठरवला. तिने पत्र्याची पेटी उघडली, साड्या एका बाजूला सारल्या आणि हाताने दाखवलं, इतका. मोजलं तर एक वीत लांब, चार बोटं उंच. कड्यांचा डबा त्या मापात मिळाला, पण झाकण टक् वाजणारं मिळेपर्यंत तीन दुकानं हिंडले. आत तेलाची एक बाटली, घोंगडीचा तुकडा, गोटा, काथ्याची वेणी, आणि थोरलीसाठी एक पाटी-पेन्सिल. सगळं मिळून किलोच्या आत.

बैल वाटेत फुटतील म्हणून नेले नाहीत. ते चुलीमागे ओळीने ठेवलेले राहिले. कोप्या मोडल्यावर मी ते केंद्रात आणले. एकाचा पाय तुटला होता, तो जोडला.

पुढच्या नोव्हेंबरात सुरुवात मातीपासून करणार आहे, आणि आईबापांची तोड बंद असेल त्या दिवसापासून. पहिले आठ दिवस डबा बंदच न्यायचा, नुसतं झाकण खेळायला द्यायचं. वाळूच्या पिशव्या दोन करायच्या, एक मोठ्या भावंडांसाठी वेगळी, तीन किलोची. आणि तळावरच्या नोंदवहीच्या शेवटच्या पानावर सहा वर्षांवरच्या मुलांची नावं लिहायची. त्यासाठी रकाना नाही, पण पान कोरं असतं.